पाया खचला तर खर्च किती धरावा?

पावसाळा ओसरला आणि ऊन तापू लागले की आपल्या वस्त्यांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. कुणाच्या दाराची चौकट आवळते, कुणाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढते, कुणाच्या फरशीचा सांधा भिंतीपासून सुटतो. घरधनी एखाद्या मिस्त्रीला बोलावून आणतो. मिस्त्री भेगेत बोट घालतो, मान हलवतो आणि सांगतो, ‘पाया गेला, दोन लाख लागतील.’ दुसरा येतो तो म्हणतो, ‘काही नाही, सिमेंट भरून देतो, पाच हजार द्या.’ दोघांमधले खरे कोण, हे घरच्यांना कळत नाही. एक तर भीतीपोटी कर्ज काढले जाते, नाहीतर भेगेवर चुना फिरवून दिवस ढकलले जातात.

वाचक बंधू-भगिनींनो, घर ही आपल्या माणसांची आयुष्यभराची कमाई असते. कुणी गिरणीतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशातून, कुणी रेल्वेच्या किंवा नगरपालिकेच्या नोकरीतल्या फंडातून, कुणी बाईच्या अंगावरचे सोने मोडून दोन खोल्या उभ्या केल्या आहेत. त्या घराच्या पायावर खर्च करण्याची वेळ आली तर तो किती असावा, कशाकशाचा असावा आणि कोणता खर्च टाळता येतो, हे घरातल्या कर्त्या बाई-माणसांना ठाऊक असलेच पाहिजे. या वेळी आम्ही तोच हिशेब मांडत आहोत.

काळी जमीन घर का हलवते

विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूरकडच्या भागात बरीचशी घरे काळ्या मातीवर आहेत. ही माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगांमध्ये हात जातो, हे शेतात राबलेल्या कुणालाही सांगायला नको. तीच माती घराखालीही असते. पावसाळ्यात ती घर वर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. सगळे घर सारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. पण एका कोपऱ्याला न्हाणीचे पाणी मुरते, दुसऱ्या बाजूला दिवसभर ऊन लागते, तिसरीकडे झाड ओल ओढून घेते. त्यामुळे एक कोपरा खचतो, एक तसाच राहतो आणि मधली भिंत चिरते.

आपल्या घरांचे आणखी एक दुखणे आहे. ती एका दमात बांधलेली नसतात. पैसा हाती आला तशी एकेक खोली वाढत जाते. पहिल्या खोलीचा पाया मुरमापर्यंत गेलेला असतो, पुढे वाढवलेली खोली मात्र भरावावर उभी केलेली असते. नवी खोली बसते आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर सरळ उभी भेग पडते. म्हणून घराचे दुखणे सांगताना कोणती खोली कोणत्या वर्षी बांधली, हे इंजिनिअरला आधी सांगावे.

प्रत्येक भेग पायाची नसते

खर्च ठरवण्याआधी भेग ओळखावी. केसासारखी, एक मिलिमीटरपेक्षा बारीक आणि वेडीवाकडी भेग बहुधा गिलाव्याची असते. स्लॅबच्या लगेच खाली भिंतीवर आडवी गेलेली भेग बऱ्याचदा स्लॅब उन्हाने ताणला-आकसल्यामुळे पडते. या दोन्हींसाठी पाया उकरायला निघणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी पायऱ्या-पायऱ्यांनी वर जाणारी, भिंतीच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसणारी, एका टोकाला अरुंद व दुसऱ्या टोकाला रुंद असलेली भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. तिच्याबरोबर दार अडकू लागले असेल, फरशी भिंतीपासून सुटली असेल, ओळंबा लावल्यावर भिंत कललेली दिसत असेल, तर शंका पक्की होते.

भेगेची रुंदी मापण्यासाठी यंत्र लागत नाही. आगपेटीची काडी दोनेक मिलिमीटर जाडीची असते. फक्त काडी जाईल इतकी भेग असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण लक्ष ठेवावे. शाळेतल्या मुलाची पेन्सिल जाऊ लागली तर इंजिनिअरला बोलवावे. दोन बोटे जाऊ लागली आणि भिंत फुगलेली किंवा कललेली दिसली, तर त्या भिंतीखाली झोपणे त्याच दिवशी बंद करावे. जुन्या दगड-मातीच्या भिंतींबाबत तर आजचे उद्यावर टाकूच नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे दगावली. त्यातील कितीतरी जण मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली सापडले होते.

भेग वाढते आहे की थांबली आहे, हे पाहण्याची जुनी युक्ती आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. काळ्या मातीत ही पाहणी एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालू ठेवावी, कारण भर मे महिन्यात उघडलेली भेग ऑगस्टमध्ये आपोआप मिटू शकते. मे महिन्यात ती कडक सिमेंटने भरून टाकली तर पावसात मिटायला जागा राहत नाही आणि भेग शेजारी नवी वाट शोधते. पाच हजारांचे काम वाया जाते ते असे. भेग भराभर वाढत असेल तर मात्र वर्षभर वाट पाहत बसू नये.

पहिला खर्च पाहणीचा

आपल्याकडे इंजिनिअरला पैसे देणे जिवावर येते. ‘तो काय, नुसते पाहून जाणार,’ असे म्हटले जाते. पण दोन लाखांचे काम करायचे की वीस हजारांचे, हे तोच सांगू शकतो. त्याने लेखी द्यावे, एक साधा आराखडा द्यावा आणि काम चालू असताना निदान दोन वेळा यावे, असे ठरवून घ्यावे. आमच्या हिशेबात आम्ही यासाठी ५,००० रुपये धरले आहेत. गावानुसार हा आकडा कमी-जास्त होईल. काम घेणाऱ्या ठेकेदाराचाच माणूस पाहणीला घेऊ नये. ज्याला काम हवे आहे, त्याला पाया नेहमीच गेलेला दिसतो.

पाहणीच्या वेळी भिंतीलगत दोन खड्डे घ्यावेत. एक खचलेल्या कोपऱ्याशी आणि एक चांगल्या कोपऱ्याशी, साधारण तीन फूट लांब-रुंद. पाया किती खोल आहे, त्याखाली काय आहे आणि मुरूम किती फुटांवर लागतो, हे त्यातून उघडे पडते. दोन बिगाऱ्यांची एक दिवसाची मजुरी लागते, पण पुढचा सगळा हिशेब या खड्ड्यांवर उभा असतो. खड्डा न घेता जो रक्कम सांगतो, तो अंदाज सांगत नसून तुमची ऐपत जोखत असतो.

स्वस्त इलाज: पाणी वळवा

काळ्या मातीत निम्मे भांडण पाण्याशी असते. पत्र्याचे किंवा स्लॅबचे पाणी जोत्यालगत पडते, न्हाणीची मोरी गळते, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीशी मुरतो, गटार फुटलेले असते. हे आधी बंद केल्याशिवाय पायाला हात लावू नये. पुष्कळ घरांचे हलणे एवढ्याने कमी होते आणि मोठा खर्च टळतो.

घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा करावा. खाली मुरूम दाबून घ्यावा, त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा आणि तीन इंच काँक्रीट टाकावे. भिंत आणि कोबा यांच्यामध्ये, तसेच कोब्यात दर चार फुटांवर सांधा सोडून तो डांबराने भरावा, म्हणजे माती हलली तरी कोबा वाटेल तसा फुटणार नाही.

वीस फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब घराचा हिशेब पाहू. घेर ९० फूट, कोपरे धरून कोबा साधारण ३०६ चौरस फूट. काँक्रीट पाऊण ब्रास, म्हणजे १:३:६ प्रमाणात सुमारे १० गोण्या सिमेंट आणि वरच्या घोटाईला ४ गोण्या. पुढचे भाव आम्ही केवळ हिशेब मांडण्यासाठी धरले आहेत. आपल्या गावचा भाव विचारून त्या जागी घालावा.

सिमेंट १४ गोण्या, ४०० रुपयांप्रमाणे ५,६०० रुपये.
वाळू किंवा क्रश सँड ०.३५ ब्रास, ६,००० रुपये ब्रासप्रमाणे २,१०० रुपये.
खडी ०.७ ब्रास, ४,००० रुपये ब्रासप्रमाणे २,८०० रुपये.
मुरूम १ ब्रास, १,५०० रुपये.
मिस्त्री ४ दिवस, १,००० रुपयांप्रमाणे ४,००० रुपये.
बिगारी ८ दिवस, ६०० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये.
पन्हाळ व पाइप ६,००० रुपये.

बेरीज २६,८०० रुपये. आपल्यात मिस्त्रीकाम आणि बिगारीकाम जाणणारी माणसे घरोघरी आहेत. हे काम घरच्यांनी आणि भावकीने मिळून केले तर मजुरीचे ८,८०० रुपये वाचतात, आणि यात जिवाला धोका नाही.

झाडाबद्दलही दोन शब्द. आपण श्रद्धेने बोधिवृक्ष लावतो. पण पिंपळ भिंतीलगत लावू नये, तो विहाराच्या मोकळ्या आवारात लावावा. त्याची मुळे पायात शिरतात आणि मोठे झाड मातीतील ओल ओढते. झाड आधीच मोठे झालेले असेल तर घाईने तोडूही नये. चिकणमातीत मोठे झाड एकदम गेले की तेथे ओल साठते, माती फुगते आणि घर उलट दिशेने हलू लागते. शहरात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगीही लागते.

मोठा इलाज: पायाखाली आधार

पाणी वळवूनही कोपरा खचतच राहिला, तर जुन्या पायाखाली खोल जाऊन मुरमापर्यंत काँक्रीट भरावे लागते. हे काम टप्प्याटप्प्यानेच होते. समजा वीस फूट लांबी धरायची आहे. तिचे चार-चार फुटांचे पाच टप्पे पाडावेत. आधी पहिला, तिसरा आणि पाचवा टप्पा खोदून काँक्रीट भरायचे. त्याला निदान सात दिवस पाणी मारायचे. जुना पाया आणि नवे काँक्रीट यांच्यामध्ये राहिलेली फट कोरडसर मसाल्याने ठोकून भरायची. मगच दुसरा आणि चौथा टप्पा खोदायचा. सगळी लांबी एकदम खोदली तर वरची भिंत अधांतरी राहते आणि खाली येते. लवकर उरकण्यासाठी जो मिस्त्री सलग चर खोदू पाहील, त्याला तिथेच थांबवावे.

आता खर्च. त्याच घराचा एक कोपरा खचला आहे आणि दोन्ही बाजू मिळून वीस फूट लांबी धरायची आहे. जुना पाया तीन फुटांवर आहे आणि पक्का मुरूम सहा फुटांच्या आत लागतो. काम करण्यासाठी बाहेरून तीन फूट रुंद आणि सहा फूट खोल खोदले तर ३६० घनफूट माती निघते. पायाखालची दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच जागा १२० घनफूट. एकूण खोदाई ४८० घनफूट, म्हणजे ४.८ ब्रास. काँक्रीट १.२ ब्रास. १:१॥:३ प्रमाणात एका ब्रासला सुमारे २३ गोण्या सिमेंट लागते. त्यावरून २८ गोण्या आणि फटीच्या मसाल्यासाठी २ गोण्या. वाळू अर्धा ब्रास, खडी एक ब्रास.

सिमेंट ३० गोण्या, १२,००० रुपये.
वाळू ३,००० रुपये.
खडी ४,००० रुपये.
मिस्त्री ८ दिवस, ८,००० रुपये.
बिगारी २४ दिवस, १४,४०० रुपये.
टेकू, फळ्या आणि पाणी उपसण्याचा पंप यांचे भाडे ६,००० रुपये.
भेगा शिवणे, गिलावा आणि रंग १०,००० रुपये.

ही बेरीज ५७,४०० रुपये होते. ठेकेदाराने सगळे अंगावर घेतले तर त्याचे शेकडा १५ टक्के म्हणजे ८,६१० रुपये. इंजिनिअरचे ५,००० रुपये मिळवले की ७१,०१० रुपये. पायाच्या कामात खाली काय निघेल ते आधी सांगता येत नाही. जुने गटार निघते, मुरूम दोन फूट आणखी खाली लागतो. म्हणून १०,००० रुपये हाताशी ठेवावेत. म्हणजे एका कोपऱ्याला ८१,००० रुपयांच्या आसपास, फुटाला साधारण चार हजार. या धरलेल्या भावात कुणी वीस फुटांना दोन लाख मागत असेल तर त्याच्याकडून मापांसकट हिशेब मागावा. कुणी वीस हजारांत करून देतो म्हणत असेल तर तो किती खोल जाणार आहे, हे विचारावे. बहुधा तो मुरमापर्यंत जाणारच नसतो.

हे काम पाऊस संपून जमीन वाफशावर आल्यावर हाती घ्यावे आणि पुढचा पाऊस लागण्याआधी संपवावे. भर पावसात काळ्या मातीत चर उघडा ठेवणे म्हणजे संकटाला बोलावणे.

एक फसवा इलाज अलीकडे सांगितला जातो. भिंतीलगत भोके पाडून सिमेंटचे पाणी सोडतो, माती दगडासारखी होईल, असे सांगतात. पायाखाली पोकळी असेल किंवा रेताड भराव असेल तर हा उपाय काही काम करतो. काळ्या चिकणमातीत मात्र सिमेंट शिरत नाही, तिचे कण त्याला वाटच देत नाहीत. गोण्या संपतात, घर हलतच राहते.

याहून मोठे काम निघाले तर

काळी माती दहा-बारा फूट खोल असेल तर वरची पद्धत पुरत नाही. तेथे तळाशी फुगीर कंद असलेले खांब जमिनीत खोल उतरवतात. रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी ही पद्धत विकसित केली. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे जिथे ऋतूप्रमाणे ओल बदलत नाही त्या थरापर्यंत नेतात. नवे घर बांधताना ही पद्धत परवडते. जुन्या घराखाली ती करायची तर खर्च कितीतरी वाढतो आणि ते काम साध्या मिस्त्रीचे नव्हे.

समजा चारी बाजू खचल्या आहेत. ९० फूट घेर, फुटाला चार हजार, म्हणजे नुसत्या बाहेरच्या भिंतींचे ३,६०,००० रुपये झाले. आतल्या भिंती वेगळ्या. अशा वेळी थांबून विचार करावा. आमचे मत असे की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्यावर जात असेल आणि भिंतीही जुन्या कच्च्या असतील, तर जुन्यात पैसा ओतण्याऐवजी एक-दोन खोल्या का होईना, पण पक्क्या पायावर नव्याने बांधाव्यात. कच्च्या घरात राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य सरकारची रमाई आवास योजना आहे. ती कच्च्या घराच्या जागी पक्के घर बांधण्यासाठी आहे. ‘पाया दुरुस्तीचे पैसे रमाईतून काढून देतो, आधी पाच हजार द्या’ असे सांगणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. अर्ज स्वतः ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्यावा आणि पोच घ्यावी.

चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पाया सगळ्यांचा असतो. तळमजल्यावर भेग दिसली म्हणून तळमजलेवाल्याने एकट्याने खर्च सोसायचा नसतो आणि एकट्याने खोदायचे तर मुळीच नसते. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीचे काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे येते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची तपासणी करून घेणे महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत हा विषय लेखी मांडावा.

पैसे देताना

तीन ठिकाणांहून भाव घ्यावा, पण तिघांना एकच यादी द्यावी. किती फूट लांब, किती रुंद, किती खोल, काँक्रीटचे प्रमाण कोणते, टप्पे किती, पाणी किती दिवस मारणार, माती परत भरून दाबणार का, उरलेली माती कोण उचलणार, फुटलेली फरशी आणि मोरी कोण जोडून देणार. ही यादी नसेल तर तीन भावांची तुलना करता येत नाही आणि ‘ते यात धरले नव्हते’ हे वाक्य शेवटी ऐकावे लागते.

ठरलेले सगळे कागदावर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मिस्त्री नात्यातला असला तरी लिहावे, म्हणजे नातेही टिकते. आगाऊ रक्कम दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त देऊ नये. एक टप्पा पुरा झाला की त्याचे पैसे द्यावेत. निदान दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा आणि ते आधीच लिहून घ्यावे.

सिमेंट शक्यतो आपण स्वतः आणावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावाची यादी कुणी पुढे केली तर विचारावे. ठेकेदार आपल्या बिलावर कर लावत असेल तर बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक पाहावा. ज्याची नोंदणी नाही, त्याला कर घेण्याचा अधिकार नाही.

घरातील पुरुष कामावर गेलेले असतात. काम चालते ते घरच्या बाईसमोर. म्हणून हिशेबाची वही तिच्या हाती असावी. आज किती गोण्या फुटल्या, किती माणसे आली, कोणता टप्पा भरला, किती पैसे दिले, हे तिने तारखेनिशी लिहावे. लिहिता येत नसेल तर संध्याकाळी मुलीकडून लिहून घ्यावे. एक गोणी सिमेंट म्हणजे सव्वा घनफूट. त्या मापाचा लाकडी फर्मा करून वाळू आणि खडी मोजायला लावावी. घमेल्याने अंदाजे टाकलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडले तर पायाखाली गेल्यावर ते कुणालाही दिसत नाही.

काम बिघडले आणि ठेकेदार फिरकला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. काम पाच लाखांपर्यंतचे असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो. पण त्यासाठी कागद हवा. तोंडी व्यवहाराला तेथे वजन येत नाही.

पैसा कोठून आणावा

भेग पाहून घाबरलेला माणूस सावकाराकडे धावतो. महिना पाच टक्क्यांनी ८०,००० रुपये घेतले तर महिन्याला ४,००० रुपये नुसते व्याज, वर्षाला ४८,००० रुपये. दोन वर्षांत व्याजच पाया-दुरुस्तीपेक्षा जास्त होते आणि मुद्दल तसेच राहते. बचत गटाकडून महिना दोन टक्क्यांनी घेतले तर व्याज १,६०० रुपये आणि तेही गटातच, आपल्याच बहिणींमध्ये राहते. नोकरी असणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढण्याची सोय आहे. आपल्या कार्यालयात त्याचे नियम विचारावेत. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आणि सगळी रक्कम एकदम लागत नाही. या वर्षी पाणी वळवण्याचे काम करावे, पट्टी लावून एक वर्ष पाहावे, तोवर गटात पैसे साठवावेत. गरज उरली तरच पुढचे काम. भिंत कललेली नसेल तर एवढी सवड बहुतेक घरांना मिळते.

शेवटी एक गोष्ट जिथे काटकसर करू नये. काळ्या मातीचा सहा फुटी चर उन्हात घट्ट दिसतो आणि काही न कळवता ढासळतो. त्याला फळ्या आणि टेकू लावण्याचे आम्ही ६,००० रुपयांत धरले आहे. भाव कमी करायला बसलेला ठेकेदार सर्वांत आधी हीच रक्कम कापतो. त्या चरात उतरणारा बिगारी बहुधा आपल्याच वस्तीतला, कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा असतो. आपले घर वाचवण्यासाठी त्याचे घर उघडे पडता कामा नये. फळ्या लागल्याशिवाय माणूस खाली उतरणार नाही, हे करारात पहिल्या ओळीत लिहावे आणि खोदलेली माती चराच्या काठापासून निदान तीन फूट दूर टाकायला लावावी. भाव करताना या दोन गोष्टी सोडून बाकी हवी तेवढी घासाघीस करावी.